भोक नसलेला स्वेटर

कारगिलची लढाई संपून चार वर्षं झाली होती, पण ओतूरच्या पेठेत कांतीशेठच्या बैठकीत ती अजून चालूच होती. दर रविवारी सकाळी दहाला एक मालिका लागायची. महिन्या-दोन महिन्यांनी केबलवाला संपत एखादा युद्धाचा पिक्चर लावायचा. कापडाच्या दुकानामागची ती खोली, खाली गादी आणि तक्के, कोपऱ्यात पेठेतला सगळ्यात मोठा रंगीत टीव्ही. बघणारी माणसं ठरलेली होती. स्वतः कांतीशेठ, संपत आणि भुवयांत कायम पीठ अडकलेला गिरणीवाला सावळेराम. पिक्चर दोन तासांचा असला तर त्यावरचं बोलणं तीन तास चालायचं.

सावळेरामचं मत नेहमी गोळ्यांवरून असे. तो मोजत बसे. एका बंदुकीतून हिरोनं सदतीस गोळ्या मारल्या आणि एकदाही भरली नाही, हे तो असं सांगे की जणू कुणी त्याच्या गिरणीतलं दळण चोरलंय. संपतचं माप निराळं. पिक्चर चालू असताना लाईट गेली आणि शिव्या घालायला किती घरांतून फोन आले, त्यावर तो पिक्चरची लायकी ठरवी. कांतीशेठना मात्र रडायला हवं असे. जो रडवत नाही तो युद्धाचा पिक्चर कसला, असं ते म्हणत, आणि टोपी काढून तिच्यानंच डोळे पुसत. मग सावळेराम म्हणायचा की शेठ, तुमच्या टोप्या धोब्याकडे टाकायच्या तर आधी पिळून टाका.

सज्जनबाई हे सगळं आतून ऐकायची. कांतीशेठची बायको. वयानं पन्नाशीला आलेली, आवाज इतका हळू की दुकानातला गडी म्हणे, काकींनी हाक मारली की आधी वाटतं आपल्याच मनात काहीतरी आलं. चातुर्मासात टीव्ही बघायचा नाही, असा तिचा नियम होता. पण कानाला नियम कसा घालणार? स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यात एक भिंत आणि एक दार. भाजी निवडता निवडता ती लढाया ऐकायची. नुसतं ऐकून ऐकून तिचंही एक मत झालं होतं, पण ते तिला कुणी विचारलं नव्हतं. पिक्चरमधली माणसं मरताना फार बोलतात, असं तिला वाटे. गोळी लागल्यावर देशाचं बोलतात, आईचं बोलतात, मग मान टाकतात. तिचे सासरे तिच्या मांडीवर गेले होते. त्यांनी फक्त पाणी मागितलं होतं, आणि ते सूर्य मावळल्यावर मागितलं म्हणून ती क्षणभर थांबली होती. तो क्षण तिला अजून सुटत नव्हता.

तिचा दिवस नियमांनीच बांधलेला होता. उजाडल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटं तोंडात पाण्याचा थेंब नाही. सूर्य मावळला की अन्नपाणी बंद. रोज एक तरी सामायिक. म्हणजे पांढरं आसन टाकायचं, तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधायची, पुढे वाळूची घडी, म्हणजे वाळूचं घड्याळ, उलटी करून ठेवायची आणि वरची वाळू खाली येईतो, अठ्ठेचाळीस मिनिटं, संसारातलं काहीही बोलायचं नाही, करायचं नाही, जागेवरून उठायचं नाही. याशिवाय तिनं महासतीजींकडून, म्हणजे जैन साध्वींकडून, बारा व्रतं घेतली होती. त्यात खोटं न बोलण्याचं एक होतं. पेठेतली माणसं पैज लागली की म्हणत, चला, सज्जनकाकींना विचारू. त्या म्हणतील ते खरं.

आणि याच बाईच्या घरात एक खोटं चार वर्षं राहत होतं.

ते जानकाबाईला सांगितलेलं होतं. जानकाबाई नदीकडच्या वस्तीत राहायची. नवरा लवकर गेला, शिवणयंत्रावर एकुलता मुलगा वाढवला. कांतीशेठच्या दुकानातल्या साड्यांना फॉल लावणं, परकर, ब्लाऊज, सगळं तिच्याकडे. कापड द्यायला आणि शिवलेलं घ्यायला म्हणून दोघी बायकांचं येणंजाणं सुरू झालं आणि वीस वर्षांत ते कामापुरतं उरलं नाही. जानकाबाई पौर्णिमेला उपोसथाचा उपवास करी, पांढरं लुगडं नेसून पंचशील म्हणे. एकदा तिनं म्हणून दाखवलं तेव्हा सज्जनबाईनं मध्येच थांबवलं होतं. खोटं न बोलण्याची ओळ तिच्या पाठातल्या ओळीसारखीच वाजत होती. "आपलं दोघींचं एकच निघालं की वैनी," असं म्हणून जानकाबाई हसली होती.

तिचा मुलगा रत्नदीप पलटणीत होता. नव्व्याण्णव सालच्या जुलैत इंग्रजी तार आली तेव्हा ती वाचायला वस्तीतली माणसं कांतीशेठकडे घेऊन आली, कारण कापडाच्या बिलांमुळे त्यांना इंग्रजी वाचता येतं असा समज होता. तारेत एवढंच होतं की रत्नदीप कामावर असताना गेला. पण दुकानापुढे अख्खी पेठ जमलेली, पायरीवर जानकाबाई उभी, आणि कांतीशेठनी आदल्याच आठवड्यात एक पिक्चर पाहिलेला. 'कामावर असताना' हे शब्द त्यांना एवढ्या गर्दीपुढे फार लहान वाटले. त्यांनी तार खाली केली आणि भरल्या आवाजात सांगितलं की रत्नदीप शत्रूशी लढता लढता गेला, छातीवर गोळ्या झेलून गेला. पेठेनं घोषणा दिल्या. नंतर पेटी आली. ती उघडू नका, असं सोबत आलेल्या जवानांनी हात जोडून सांगितलं. शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसली. पाटीवर कांतीशेठचेच शब्द कोरले गेले.

खरं काय ते तीन महिन्यांनी कळलं. निमगाव सावाचा बाजीराव, रत्नदीपच्याच तुकडीतला, दिवाळीच्या सुट्टीवर आला होता. जानकाबाईकडे जाण्याआधी पत्ता विचारायला म्हणून तो दुकानात शिरला. बैठकीत चहा घेता घेता त्यानं सांगितलं ते सज्जनबाईनं दाराआडून शब्दन् शब्द ऐकलं. लढाई नव्हतीच त्या दिवशी. रेशनची गाडी वर चालली होती. कांदे, बटाटे, रॉकेलचे डबे. उतरवायला हात लागतील म्हणून रत्नदीपला सोबत बसवलं होतं. बाजीराव मागच्या गाडीत. वळणावर रत्नदीपनं मागं वळून अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवला, म्हणजे वर पोचलो की चहा. मग वरून दरड आली. गाडी सरळ खाली नदीत. चौथ्या दिवशी दोन कोस खाली वाळूत सापडला.

 कांतीशेठनी बाजीरावचे हात धरले आणि हे त्या माउलीला सांगू नकोस म्हणून विनवलं. पाटी लागलीय, सत्कार झालेत, तिनं मन त्याच्यावर घट्ट केलंय, आता कांद्या-बटाट्याच्या गाडीचं सांगून काय मिळणार? बाजीरावनं मान डोलावली. तो जानकाबाईला भेटला, तिच्या पाया पडला आणि परत गेला. सज्जनबाई दाराआडून पुढे आली नाही. आपण काही खोटं बोललो नाही, असं तिनं त्या रात्री स्वतःला सांगितलं. कुणी विचारलंच नव्हतं. कुणी विचारलं तर काय करायचं, हा विचार मात्र तेव्हापासून तिच्यासोबत जेवायला बसायचा.

जानकाबाई चार वर्षांत विचारायला आली नाही. युद्धाचे पिक्चरही तिनं कधी पाहिले नाहीत. बैठकीतून तोफांचा आवाज आला की ती कापडाचं गाठोडं दुकानातच ठेवून परस्पर जायची.

त्या साली श्रावणात मालिकेचा एक भाग असा लागला की बैठक दोन तास पेटली. त्यात एक कोवळा शिपाई भेदरून चौकी सोडून पळतो आणि त्याचाच साहेब त्याला पाठीमागून गोळी घालतो. सावळेरामला ते पसंत पडलं. असल्याला गोळीच पाहिजे, त्याच्यापायी दहा मेले असते, असं त्याचं म्हणणं. संपतला पोराची कीव आली. त्यानं विचारलं, पण त्याच्या आईला काय कळवलं असंल?

"कळवतील की, लढताना गेला म्हणून," कांतीशेठ म्हणाले. "तसंच कळवतात. इज्जतीचा प्रश्न असतो राव. पेटीसुद्धा उघडू देत नाहीत असल्यांची."

सज्जनबाईच्या हातातली गवारीची शेंग तशीच राहिली. तिला वाटलं, रत्नदीपचीही पेटी उघडू दिली नव्हती, हे शेठना कसं आठवत नाही. मग तिला दुकानातून बैठकीकडे येणारं दार दिसलं. दारात जानकाबाई उभी होती, हातात शिवलेल्या ब्लाऊजचं गाठोडं. ती कधी आली ते पुरुषांना कळलंच नव्हतं. तिनं गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं. रोज ती ब्लाऊज मोजून द्यायची. त्या दिवशी मोजले नाहीत.

त्यानंतर आठ दिवस ती आली नाही. आली ती पंधरा ऑगस्टला दुपारी. सकाळी शाळेत झेंडावंदन होऊन तिला शेठच्या हातून दरसालसारखी शाल आणि नारळ मिळाला होता. शाल खांद्यावरच होती. संपतनं दुपारी तीनला नवा पिक्चर लावायचं जाहीर केलं होतं, खास दिवस म्हणून. जानकाबाई बैठकीच्या दारात येऊन म्हणाली, "शेठ, मला बी बघायचाय."

पुरुष चपापले. सावळेराम तक्क्यावरून सरळ झाला. कांतीशेठनी तिला गादीवर बसायचा आग्रह केला, पण ती दाराशी चटईवर बसली, स्वयंपाकघराच्या अंगाला, म्हणजे सज्जनबाईला तिची पाठ आणि खांद्यावरची शाल दिसत होती. सज्जनबाईनं तिला चहा नेऊन दिला. जानकाबाईनं कप घेतला, वर बघितलं आणि हळूच म्हणाली, "पिक्चर झाला की येते तुमच्याकडं. एक विचारायचंय."

बस, एवढंच.  पण पुढचे अडीच तास सज्जनबाईनं पिक्चर ऐकला असं म्हणायला नको, तिनं तो मोजला. आता तोफा झाल्या, आता गाणं झालं, आता पत्र वाचून झालं. प्रत्येक आवाजानिशी तो प्रश्न जवळ येत होता. खरं सांगावं तर नवरा चार वर्षांमागे भर पेठेत खोटं बोलला हे सांगावं लागणार. पाटीवर कोरलेलं खोटं. उद्यापासून त्यांना पेठेत तोंड दाखवता येईल का? आणि खोटं सांगावं तर व्रत मोडणार. ती देवळीतल्या माळेकडे बघत बसली. माळेनं काही सुचवलं नाही.

पिक्चर संपला. एरवी लगेच मतं फुटायची, आज सगळे घसा खाकरत बसले. शेवटी सावळेराम म्हणाला की बरा होता, गोळ्यांचा हिशेब यावेळी जरा बरा होता. कांतीशेठनी डोळे पुसले आणि जानकाबाईकडे वळून म्हणाले की शेवटचा तो पोरगा कडा चढून जातो ना, आपला रत्नदीप अगदी असाच गेला बघा.

जानकाबाई अजून बंद पडद्याकडे बघत होती. मग तिनं मत दिलं. शिवणाऱ्या बाईचं मत होतं ते.

"कपडे नवेकोरे व्हते सगळ्यांचे," ती म्हणाली. "घडी मोडल्याली दिसत व्हती. पण एक बराबर व्हतं शेठ. गोळी लागली की कापडाला भोक पडतंय. पुढनं लागली तर पुढं, मागनं लागली तर मागं. त्या पोराच्या सदऱ्याला पाच भोकं व्हती, मी मोजली."

 ती उठली. चटई गुंडाळून भिंतीला लावू लागली. तिचा हा नेटकेपणा सज्जनबाईला ठाऊक होता. चटई लावून होईल, मग ती वळेल, मग चार पावलांवर स्वयंपाकघर.

तेवढ्या वेळात सज्जनबाईनं आसन अंथरलं. तोंडाला मुहपत्ती बांधली. घाईनं पाठ म्हटला आणि वाळूची घडी उलटी करून पुढ्यात ठेवली. सामायिक सुरू. आपण हे का केलं हे तिला पाठ म्हणतानाच कळलं होतं. तोंडातले शब्द देवाचे होते, पण ती घुसली होती ते माणसापासून लपायला, उंदीर कणगीखाली शिरतो तशी.

जानकाबाई आत आली. मुहपत्ती बघून थबकली. वीस वर्षांत तिनं सज्जनबाईला कितीदा तरी असं पाहिलं होतं. त्या वेळी ती बाहेर थांबायची. आज ती समोर खाली बसली. शाल काढून मांडीवर घेतली.

"तुमचं चालू द्या," ती म्हणाली. "मी बोलते, तुमी आयका. आयकाय तर चालतंय न्हवं?"

वाळू बारीक धारेनं पडत होती.

"माझ्यापाशी त्याचा स्वेटर हाय. हिरवा, मीच इणलेला. पेटीबरोबर येगळ्या पिशवीत त्याच्या अंगावरचं आलं व्हतं, त्यात हा. चार वरसं मी तो धुतला न्हाई. कितीदा उलटासुलटा करून बघितला. पुढं भोक न्हाई, मागं भोक न्हाई. शेठ म्हणले छातीवर गोळ्या झेलल्या. मग कुठं गेल्या त्या? मला वाटायचं असंल काय तरी, आपल्याला लढाईतलं काय कळतंय. पण त्या दिशी शेठ म्हणले, पळून गेला तरी घरी लढताना गेला असंच कळवत्यात. पेटी उघडू देत न्हाईत. माझी बी उघडू दिली न्हाई."

तिचा आवाज चढला नव्हता. ब्लाऊजच्या मापाविषयी विचारावं तसा होता.

"तुमच्या घरात बाजीराव बसला व्हता, माझ्याकडं यायच्या आधी. तुमाला ठावं असणार. तुमी खोटं बोलत न्हाई. माझं पोरगं भिऊन पळालं का वैनी? तेवढंच सांगा. बोलायचं नसंल तर नुसती मान हलवा. न्हाई अशी एकदा हलवा, मी उठून जाते."

सामायिकेत खूण करणं हेही बोलण्यातच मोजतात, हे खरं आहे. पण सज्जनबाईनं पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं ते असं की मान हलवायची राहिली ती त्या नियमामुळे नव्हे. मान हलवली असती तर पुढचा प्रश्न आला असता. मग कसा गेला? आणि तिथून बैठकीत बसलेल्या तिच्या नवऱ्यापर्यंत वाट सरळ होती. तिनं डोळे वाळूवर ठेवले. मान ताठ राहिली. एक डोळा भरून आला आणि मुहपत्तीच्या कडेला ओल लागली.

जानकाबाईनं ती ओल पाहिली. खूप वेळ पाहिली. वाळू अर्धी झाली तेव्हा तिनं शालीची घडी घातली.

"कळलं," ती म्हणाली. "तुमच्यानं खोटं बोलवत न्हाई, म्हणून गप बसलाय. उपकार झाले."

ती मागच्या दारानं गेली. वाळूच्या घडीत चोवीस मिनिटं उरली होती. सज्जनबाईला वाटलं, उठावं, मोडली तर मोडली. गुडघे हललेही. मग इतक्या वर्षांची सवय तिच्यावर बसून राहिली, एखाद्या जड माणसासारखी. शेवटचा कण पडला तेव्हा तिनं सामायिक पारली, म्हणजे पाठ म्हणून संपवली, आणि चपला न घालता ती नदीकडे निघाली. बैठकीतून कांतीशेठनी विचारलं कुठे, तर ती पहिल्यांदाच उत्तर न देता गेली.

जानकाबाईच्या दाराला कडी होती. शेजारच्या सारजाबाईनं सांगितलं की ती हातात काही बोचकं घेऊन नदीला गेली. सज्जनबाई घाटापर्यंत गेली. मांडवी नदीला पाणी चढलेलं होतं, गढूळ, आणि काठावर कुणी नव्हतं.  मग वरच्या अंगाला, खडकावर, कपडे आपटल्याचा आवाज आला. जिवंत आहे, एवढंच तिच्या मनात आलं, आणि त्या सुटकेच्या भरात ती माघारी वळली. सूर्य मावळायला आला होता. उद्या सकाळी सांगू, शांतपणे सांगू, असं तिनं ठरवलं. त्या संध्याकाळी ती जेवली नाही आणि कांतीशेठना म्हणाली, "उद्या मी तिला सगळं सांगणार आहे. तुम्ही रागावलात तरी." कांतीशेठ रागावले नाहीत. त्यांनी टोपी काढून हातात धरली आणि ती नुसती फिरवत राहिले.

सकाळी दात न घासता, तोंडात पाणी न घेता ती गेली. दार उघडं होतं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते. त्यांच्या बाजूची, वर्दीतल्या रत्नदीपच्या फोटोची जागा मोकळी होती. तेवढा चौकोन भिंतीवर फिका दिसत होता. जानकाबाई जमिनीवर बसून काहीतरी उसवत होती.

सज्जनबाईनं उभ्या उभ्या सांगितलं. तार काय होती, शेठ काय बोलले, का बोलले. बाजीराव काय म्हणाला, शेठनी त्याचे हात धरून त्याला काय विनवलं. कांदे, बटाटे, रॉकेलचे डबे. अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवलेला चहा. दरड, नदी, चौथा दिवस, वाळू. आयुष्यात एका दमात ती इतकं कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता ती रडेल. आता शिव्या देईल शेठना, देऊ दे.

जानकाबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हातातलं काम थांबवलं नाही.

"चांगलं सांगितलंत," ती म्हणाली. "राती बसून जुळवलं असंल. च्याचं तर लई चांगलं हाय. तो तसाच करायचा, अंगठा दाखवून."

"जुळवलं नाही हो जानकाबाई. खरं आहे. माझ्या व्रताची शपथ."

"काल इचारलं तवा व्हतं की व्रत. नुसती मान हलवायची व्हती." तिनं वर बघितलं. डोळे कोरडे होते. "चार वरसं शेठ सांगत व्हते, छातीवर गोळ्या. आज तुमी सांगताय, नदी. उद्या आनखी कोण काय सांगंल. तुमी समदी चांगली माणसं हाय, मला बरं वाटावं म्हणून सांगताय. पण काल तुमी रडलाव ना वैनी, तेवढंच खरं व्हतं. ते मी बघितलं."

सज्जनबाईनं बाजीरावचं नाव घेतलं. तो दिवाळीला येईल, त्याच्या तोंडून ऐका, मी स्वतः निमगावला जाऊन त्याला आणते. जानकाबाई म्हणाली की आणा की, त्यालाही शेठनीच हात धरून शिकवलं होतं ना, काय सांगायचं न काय न्हाई ते. आत्ताच तुम्हीच म्हणालात. 

मग सज्जनबाईला एकदम आठवलं, जणू कुणी दिवा पुढे केला. "स्वेटर," ती म्हणाली. "तो वाळूत सापडला होता. नदीची वाळू असणार त्यात. तुम्ही धुतला नाही ना चार वर्षं? विणीत, शिवणीत, कुठेतरी असेलच. दाखवा मला. वाळू निघाली तर पटेल तुम्हाला. डोंगरावर लढणाऱ्याच्या अंगात नदीची वाळू कुठून येईल?"

जानकाबाईचे हात पहिल्यांदा थांबले. तिनं मांडीवरचं ओलसर हिरवं लोकरीचं काम दोन्ही हातांनी उचललं. सज्जनबाईनं आता कुठे ते काय आहे ते पाहिलं. एक बाही उरली होती आणि अर्धी पाठ. बाकीचा धागा शेजारी कुरळा होऊन पडला होता.

"वाळू व्हती," जानकाबाई म्हणाली. "बारीक, चमकीची. काल खडकावर आपटला तवा निघाली. मी म्हणलं, कुठं दडून बसला व्हता पोरगा कोण जाणे." ती थोडा वेळ त्या बाहीकडे बघत राहिली. "समदी गेली पाण्यात. चांगला धुतला मी. दोनदा साबण लावला."

बाहेर सारजाबाई कोंबड्यांना हाकत होती. जानकाबाईनं धाग्याचं टोक पुन्हा शोधलं. उसवलेली लोकर गुंता होऊ नये म्हणून कुणीतरी दोन्ही हात पुढे करून बसावं लागतं, त्यांच्याभोवती धागा गुंडाळत जायचा असतो. घरात दुसरं कुणी नव्हतं. ती म्हणाली, "आलाव तर बसा. हात द्या."

सज्जनबाई समोर बसली. हात पुढे केले. जानकाबाई उसवत गेली आणि ओला धागा तिच्या मनगटांभोवती एकेक वेढा चढत गेला. कोपऱ्यात कालची शाल घडी करून ठेवली होती, ती जाताना शेठना परत न्या, पुढल्या वर्षी मला बोलवू नका म्हणावं, असं जानकाबाईनं मधेच सांगितलं. सज्जनबाईनं मान हलवली. आता हलली ती.

पेठेत दुकानं उघडल्याचे आवाज येऊ लागले. पाणी घ्यायची वेळ होऊन गेली होती, तिला तहान लागली होती, पण हात गुंतलेले होते. बाही संपली, पाठ सुरू झाली. प्रत्येक वेढ्याबरोबर ती धाग्याकडे वाकून बघत होती, डोळे बारीक करून, एखादा तरी कण कुठे अडकून राहिला असेल म्हणून. लोकर स्वच्छ होती. साबणाचा वास येत होता.